कॅमेरा कोणाकडे रोखलेला?

गेल्या बैठकीत वाद झाला आणि चहा आल्यावर तो तिथेच राहिला, म्हणून हे लिहिते आहे. "कोर्टात कॅमेरे हवेतच," असं आपल्यातल्या तरुण मैत्रिणी म्हणत होत्या. "बंद दाराआड बाईला काय काय ऐकावं लागतं ते जगाला दिसू दे." आम्ही जुन्याजाणत्यांनी कानांवर हात ठेवले. "ते दार बंद करून घ्यायलाच आम्ही रस्त्यावर उतरलो होतो," असं कुणीतरी म्हणालं आणि तरुण मुली गप्प झाल्या. पटलं म्हणून नव्हे, वयाचा मान म्हणून. मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे.

आधी दार बंद का करून घेतलं ते. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं, ते सोडताना मुलीच्या चारित्र्यावर शेरे मारले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुसून टाकली. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ची दुरुस्ती झाली. बलात्काराचा खटला बंद दालनात चालेल, पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरेल, हे तेव्हा कायद्यात आलं आणि आजच्या नव्या संहितांमध्येही ते टिकून आहे.

पण त्या मुलीचं नाव? ते आपण फलकांवर लिहिलं, घोषणांमध्ये घेतलं. कायद्याच्या वर्गात तो खटला अजून तिच्याच नावाने शिकवतात. त्या दोन पोलिसांची नावं किती जणींना आठवतात? मीही ते फलक रंगवले आहेत. आज तिचं नाव इथे लिहीत नाही. फार उशिरा सुचलेलं शहाणपण आहे, ठाऊक आहे.

आता तरुण मैत्रिणींना दोन गोष्टी सांगते, दोन्ही अमेरिकेतल्या, कारण खटला थेट घराघरांत दाखवण्याचा प्रयोग तिथे आपल्या कितीतरी आधी झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड गावात १९८३ साली एका दारूच्या गुत्त्यात एका तरुण आईवर सामूहिक बलात्कार झाला. पुढच्या वर्षी खटला उभा राहिला आणि केबल टेलिव्हिजनने तो थेट दाखवला. वर्तमानपत्रं एरवी तिचं नाव छापत नसत. कोर्टात ते उच्चारलं गेलं आणि कॅमेऱ्याने ते उचलून घरोघर पोचवलं. बहुतेक आरोपींना शिक्षा झाली. पण गाव सोडावं लागलं ते तिला. पुढे तीन वर्षांच्या आत दूर फ्लोरिडात मोटार अपघातात ती गेली.

दुसरी गोष्ट २०२२ची. नट जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांचा अब्रुनुकसानीचा दावा व्हर्जिनियात चालला. हर्डच्या वकिलांनी कॅमेऱ्यांना विरोध केला होता, न्यायाधीशांनी तो मानला नाही. लैंगिक अत्याचाराबद्दल बोलताना तिला रडू फुटलं, आणि त्याच क्षणांचे तुकडे कापून, त्यांना गाणी लावून लोकांनी मोबाइलवर नकला केल्या. दाव्यात कोण खरं, हा माझा मुद्दा नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी असलेली बाई कशी रडली, किती रडली, डोळे पुसताना कॅमेऱ्याकडे पाहिलं का, याचा निवाडा न्यायाधीशाने नव्हे तर रिकामटेकड्या जगाने केला. आपल्याकडे हे होणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी गावातला कुठलाही व्हॉट्सअॅप गट उघडून पाहावा.

तेव्हा साक्ष देणाऱ्या बाईकडे कॅमेरा नको. यावर मी एक पाऊलही मागे येणार नाही. अपवाद एकच, तिने स्वतः मागितलं तर. फ्रान्समध्ये २०२४ साली जिझेल पेलिको यांनी बंद दालनाचा आपला हक्क सोडला आणि आव्हिन्यॉंचा खटला खुला चालवायला लावला. (खुला म्हणजे लोकांना आणि पत्रकारांना, साक्षींचं थेट प्रक्षेपण तिथेही नव्हतं.) तो निर्णय त्यांचा होता. वकिलाचा नाही, वाहिनीचा नाही आणि आपल्यासारख्या संघटनेचाही नाही. हे शेवटचं आपल्याला ऐकायला जड जातं.

आता माझ्या वयाच्या मैत्रिणींकडे वळते. कॅमेरा म्हटलं की तुम्हाला पिंजऱ्यातली बाईच का दिसते? कोर्टात आणखी माणसं असतात. २०२४मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी भर सुनावणीत एका महिला वकिलाला अंतर्वस्त्रांवरून शेरा मारला. बेंगळुरूच्या एका मुस्लिमबहुल भागाला त्यांनी 'पाकिस्तान' म्हटल्याची चित्रफीतही त्याच दिवसांत फिरली. सुनावणीचं थेट प्रक्षेपण होत होतं म्हणून देशाने हे ऐकलं. सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, न्यायमूर्तींनी खुल्या कोर्टात खेद व्यक्त केला. कॅमेरा नसता तर? त्या वकील बाईंनी तक्रार केली असती आणि 'तुमचा गैरसमज झाला' असं उत्तर घेऊन त्या घरी आल्या असत्या.

हे मी हवेत बोलत नाही. १ मार्च २०२१ला सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातल्या एका सरकारी नोकराची याचिका आली. शाळकरी मुलीवर बलात्काराचा आरोप, औरंगाबाद खंडपीठाने रद्द केलेला अटकपूर्व जामीन. तत्कालीन सरन्यायाधीशांनी त्याला, तू तिच्याशी लग्न करणार आहेस का, असं विचारल्याच्या बातम्या आल्या. बायकांच्या संघटनांनी पत्र लिहून राजीनामा मागितला. आठवड्याने, नेमक्या महिला दिनी, न्यायालयाने सांगितलं की बोलण्याचा विपर्यास झाला, असं सुचवलंच नव्हतं. म्हणजे बातमीदाराचा शब्द एका बाजूला आणि सरन्यायाधीशांचा दुसऱ्या. लोकांपुढे ठेवता येईल असं त्या सुनावणीचं ध्वनिमुद्रण असतं तर वाद पाच मिनिटांत मिटला असता. मुलगी त्या दालनात नव्हतीही. मग कोर्टाचं दार कोणाच्या लाजेसाठी बंद ठेवायचं?

इथेच माझं खरं भांडण आहे, आणि ते नियम करणाऱ्यांशी आहे. थेट प्रक्षेपणाला सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मान्यता दिली. त्या मागणीत ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग होत्या, हे विसरू नका. घटनापीठांचं कामकाज २०२२पासून दिसू लागलं आणि मुंबई उच्च न्यायालयानेही २०२५मध्ये मोजक्या न्यायासनांपासून सुरुवात केली. पण न्यायालयाच्या ई-समितीने २०२१मध्ये जे नमुना नियम केले त्यात काय वगळलं ते वाचा. साक्षी आणि उलटतपासणी वगळली, हे योग्यच. शिवाय वैवाहिक दावे वगळले, मुलांच्या ताब्याचे वगळले, लैंगिक गुन्हे वगळले, बाईवरच्या हिंसेचे खटले वगळले. म्हणजे बाईचं आयुष्य जिथे पणाला लागतं तिथे सगळीकडे पडदा. कॅमेऱ्यासमोर कोण उभं आहे हे न पाहता विषय कोणता हे पाहून ओढलेली ही रेघ आहे. कराचा वाद देशाने पाहावा आणि बलात्काराच्या आरोपीला जामीन देताना न्यायाधीश काय बोलतात ते मात्र पाहू नये! घरातली भांडणं घरातच ठेवा, हे आपल्याला सासरी सांगतात. तेच आता इतक्या सभ्य भाषेत सांगितलं गेलं की आपण आभार मानून मोकळ्या झालो.

अपिलात, जामिनाच्या सुनावणीत, रिट याचिकेत बहुतेक वेळा बाई समोर नसते. बोलतात ते वकील आणि न्यायाधीश. त्यांच्याकडे कॅमेरा लावा. नाव तोंडून निसटण्याची भीती आहे, ती न्यू बेडफर्डने खरी ठरवली. पण नमुना नियमांत प्रक्षेपण दहा मिनिटं उशिरा करण्याची तरतूद आहेच. तेवढ्या वेळात एक नाव गाळता येतं. वकील मंडळींनीही 'पीडिता' किंवा आद्याक्षर म्हणायची सवय लावून घ्यावी. जीभ एवढी जड नसते. दुसरी अडचण जास्त अवघड आहे. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या खुनाच्या प्रकरणात, सप्टेंबर २०२४मध्ये, राज्य सरकारच्या वकिलांनी प्रक्षेपण थांबवा म्हणून विनंती केली, कारण त्यांच्या सहकारी महिला वकिलांना धमक्या येत होत्या. न्यायालयाने प्रक्षेपण थांबवलं नाही. ते मला पटतं. पण धमकी देणाऱ्यांना पकडल्याशिवाय नुसतं 'थांबवणार नाही' म्हणणं पुरेसं नाही. ती किंमत पुन्हा बायकाच मोजतात.

आणि खालच्या कोर्टाचं काय? खरी लढाई तिथे आहे आणि तिथे कॅमेरा येऊ नये असं मीच म्हणते आहे. एकदा एका सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात मी दोन तास बाकावर बसले होते. आत आमच्या एका बाईची उलटतपासणी चालली होती. बंद दालन, म्हणून मी बाहेर. ती बाहेर आली आणि पदर डोक्यावर ओढत म्हणाली, "ताई, तो काय काय विचारत होता ते लिहिलंच नाही. फक्त मी काय बोलले तेवढंच टाइप केलं." ती अडाणी होती, पण नेमकं बोलली. सत्र खटल्यात साक्ष सहसा सलग निवेदनाच्या रूपात उतरवली जाते. प्रश्न विरून जातो, उरतं तिचं 'हे खरं आहे' किंवा 'हे खरं नाही'. वरच्या कोर्टात ते कागद वाचणाऱ्याला कळणार तरी कसं की तिला काय विचारलं होतं, कुठल्या सुरात, आणि न्यायाधीश त्या वेळी काय करत होते?

कायद्यात वाटा आहेत. न्यायाधीशांना वाटलं तर साक्ष प्रश्नोत्तराच्या रूपात नोंदवता येते. साक्ष ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभाही २००८च्या दुरुस्तीने आणली. ते मुद्रण जगासाठी नाही, वरच्या कोर्टासाठी; मोहोरबंद राहू दे. २००४ साली 'साक्षी' संस्थेच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपी दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावा, घटनेबद्दलचे उलटतपासणीचे प्रश्न लेखी घेऊन न्यायाधीशांनीच ते विचारावेत. किती ठिकाणी होतं? आणि व्हरांड्यातल्या त्या बाकाबद्दल: कुणाही पक्षाच्या अर्जावर न्यायाधीश एखाद्या व्यक्तीला बंद दालनात थांबू देऊ शकतात, हे १९८३पासून लिहिलेलं आहे. मी तो अर्ज त्या दिवशी दिला नाही. माहीतच नव्हतं.

पुढच्या महिन्यात आपल्या तालुक्यातल्या एका खटल्यात मुलीची साक्ष आहे. तिची आई आणि तिच्या ओळखीची एक कार्यकर्ती, दोघींना आत बसू द्यावं म्हणून तिच्या वतीने सरकारी वकिलांकडे अर्ज पोचवला आहे. उलटतपासणी प्रश्नोत्तरात नोंदवण्याची विनंती त्याच अर्जात आहे. मसुदा कार्यालयात ठेवला आहे. आपापल्या ठिकाणी वापरायचा असेल तर नाव-गाव बदलून घेऊन जा, आणि न्यायाधीश नाही म्हणाले तर ते 'नाही' लेखी मागा.