घराचा हिशोब दुकानदाराच्या वहीत

आमच्या विंचूरमध्ये घरखर्चाची वही ठेवणारी घरे बोटांवर मोजण्याइतकीच निघतील. म्हणून घरांचा हिशोब लिहिलाच जात नाही, असे मात्र नाही. तो रोज लिहिला जातो, तारखेसह लिहिला जातो. फक्त तो आपल्या घरात नसतो. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत असतो. रमजानमध्ये आपल्याकडे तेल किती गेले, पाहुणे कोणत्या आठवड्यात आले, साखर मध्येच का वाढली, हे सगळे त्याला ठाऊक असते. आपल्याला ठाऊक असतो तो महिनाअखेरचा एकच आकडा. तो ऐकून आपण म्हणतो, "एवढे झाले?"

उधारीवर व्याज नसते, म्हणून ती फुकट आहे, अशी आपली समजूत. जरा विचार केला तर ती फुकट नसते. ज्याच्याकडे बाकी आहे त्याच्याशी भावावरून बोलता येत नाही. तेल दुसरीकडे स्वस्त मिळत असेल, तरी तिकडे जायला तोंड नसते. आणि रोख हातात नसल्यामुळे पाव किलो डाळ, दहा रुपयांची चहापुडी अशी सुटी खरेदी होत राहते. सुट्या मालाचा किलोचा भाव काढून पाहा. तो आकडा म्हणजे उधारीचे व्याजच. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचे भांडवल आपल्या स्वयंपाकघरात अडकलेले असते आणि अडचणीत पहिला हात तोच देतो.

कुरआनची सर्वांत मोठी आयत नमाज-रोज्याबद्दल नाही, उधारी लिहून ठेवण्याबद्दल आहे. सूरह बकरातील 282 वी. रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा आळस करू नये, हे त्यात आहे, साक्षीदारांचे आहे, हातोहात रोखीच्या व्यवहाराला सूटही दिली आहे. पण आमचे लक्ष वेधते ती आणखी एक गोष्ट. मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे त्याने. म्हणजे घेणेकऱ्याने लिहायचे आणि देणेकऱ्याने नुसती मान डोलवायची, असे नाही. आपल्याकडे नेमके उलटे चालते. मुलाला दुकानात पाठवतो, तो माल घेऊन येतो, काय लिहिले गेले ते कोणी पाहत नाही. आपली एक वही असली आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या, तर दोघांचेही भले. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. आपल्याकडून विसरलेली साबणाची वडीही अशीच सापडते आणि तिचे पैसे देताना बरेच वाटते.

वहीचा विषय काढला की गावात एक उत्तर ठरलेले असते. "बाजी, तुमचा पगार एक तारखेला होतो. आमचा कांद्यावर आहे." हे उत्तर टाळण्यासारखे नाही, कारण ते खरे आहे. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आपल्या गावात आहे. शेतकरी आणि व्यापारी सोडा. गोण्या उचलणारे हमाल, खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाया, पिकअपवाले, तीनपाटीवरचे चहावाले, गॅरेजवाले, मटणाची दुकाने, शिलाईकाम करणाऱ्या बहिणी, सगळ्यांच्या घरचा चुलीचा खर्च शेवटी त्या लिलावाशी बांधलेला. 2023 चे साल आठवा. ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागले. 20 सप्टेंबरपासून जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, ते ऑक्टोबर उजाडेपर्यंत. 8 डिसेंबरपासून तर निर्यातच बंद झाली, ती 4 मे 2024 ला उघडली, तीही शुल्कासह. ते शुल्क पूर्ण उठायला 1 एप्रिल 2025 उजाडले. दिल्लीत एक कागद निघतो आणि विंचूरच्या हमालाची त्या आठवड्याची हजेरी बुडते. अशा घराला "उत्पन्नाचे इतके टक्के यावर, इतके टक्के त्यावर" ही पगारदारांची शिकवण काय कामाची?

म्हणून आम्ही महिन्याचे बजेट सांगतच नाही. जी पद्धत आम्हाला पटली ती सरकारच्या पाहणीतली आहे. घरखर्चाची देशभर पाहणी होते तेव्हा प्रगणक "महिन्याला किती खर्च होतो?" असा एकच प्रश्न विचारत नाही, कारण त्याचे उत्तर कोणालाच धड देता येत नाही. भाजी, फळे, तेल, अंडी-मांस-मासळी, मसाले, चहा-नाश्ता, पान-तंबाखू यांचा खर्च मागच्या सात दिवसांचा विचारतात. कपडे, चपला, शिक्षण, दवाखान्यात दाखल होणे आणि घरातल्या टिकाऊ वस्तू यांचा मागच्या 365 दिवसांचा. बाकीच्याचा 30 दिवसांचा. माणसाला काय किती दिवस आठवते आणि कोणता खर्च किती दिवसांनी येतो, हे पाहून केलेली ही वाटणी आहे. आपल्या वहीलाही तीन पाने करावीत: आठवड्याचे, महिन्याचे आणि वर्षाचे.

याच पाहणीत 2023-24 मध्ये ग्रामीण भारतात माणशी मासिक खर्च सरासरी 4,122 रुपये निघाला. पाच माणसांच्या घराचे 20,610 होतात. सरासरी म्हणजे मापदंड नव्हे. तुमचा आकडा कमी निघाला म्हणून खंत नको आणि जास्त निघाला म्हणून शरम नको. यातले 47 टक्के खाण्यावर गेले. आणि खाण्यात सर्वांत मोठा वाटा कशाचा असेल? धान्याचा नाही, दुधाचा नाही, भाजीचाही नाही. बाहेरची पेये, नाश्ता आणि पाकीटबंद पदार्थ यांचा, एकूण खर्चाच्या जवळपास दहा टक्के. शाळेच्या दारात आम्ही हे रोज पाहतो. घरी दूध परवडत नाही म्हणणाऱ्या आईचे लेकरू वीस रुपयांची कुरकुरीत पुडी घेऊन वर्गात येते. रोजचे वीस म्हणजे वर्षाचे 7,300. आठवड्याच्या पानाचा उपयोग एवढाच की हा आकडा आईसमोर लिहिलेला दिसतो. मग पुडी बंद करायची की आठवड्यातून दोनदा ठेवायची, ते तिचे तिने ठरवावे. आम्ही पुडीचे शत्रू नाही.

महिन्याच्या पानावर फारसे बोलण्यासारखे नाही. किराणा, वीजबिल, गॅस, रिचार्ज, भाडे, हप्ता. हे खर्च ठरलेले असतात आणि ते चुकले तर दारात कोणीतरी येतेच. मोबाईलवरून पैसे देणाऱ्यांना वाटते की सगळी नोंद फोनमध्ये आहे, वही कशाला. फोन सांगतो कोणाला दिले. कशासाठी दिले ते सांगत नाही. दुकानदाराला गेलेल्या 340 रुपयांत डाळ किती आणि पुड्या किती, हे वहीतच कळते.

खरी गंमत वर्षाच्या पानावर आहे आणि ती फक्त आपल्या घरांत आहे. आपली घरे दोन कॅलेंडरांवर चालतात. शाळा, शेती, वीज, घरपट्टी इंग्रजी वर्षावर. रमजान, दोन्ही ईद आणि जकात चांद्र वर्षावर. चांद्र वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, त्यामुळे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. मागच्या वर्षीचे बजेट तसेच उचलून यंदा वापरता येत नाही. 2024 मध्ये बकरी ईद 17 जूनला आली आणि आपल्याकडच्या शाळा 15 जूनला उघडल्या. बोकडाचे पैसे आणि दप्तराचे पैसे एकाच आठवड्यात. 2025 मध्ये ईद 7 जूनला, तरी फरक फक्त आठवडाभराचा. ज्या घरांनी आधी हे ओळखले नाही, त्यांची पोरे शाळेचा पहिला पंधरवडा जुन्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर काढतात, हे आम्हाला वर्गात दिसते. आता ईद मेमध्ये सरकते आहे, म्हणजे पुढची काही वर्षे जूनला श्वास घ्यायला थोडी जागा मिळेल. उलट रमजान थंडीत शिरतो आहे. 2030 या एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. रमजानमध्ये जकात काढणाऱ्यांना त्या बारा महिन्यांत ती दोनदा काढावी लागू शकते. वर्षाच्या पानावर दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहा, म्हणजे कोणता महिना जड जाणार ते सहा महिने आधी दिसते.

त्याच पानावर शिष्यवृत्तीबद्दल एक गोष्ट नोंदवावी लागेल. पहिली ते आठवीच्या मुलांना मिळणारी केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती 2022-23 पासून बंद झाली. त्या वर्षापासून ती नववी-दहावीपुरतीच ठेवली गेली. घरून शाळेत येणाऱ्या लहान मुलाला तिचे वर्षाला हजार रुपये मिळत. रक्कम मोठी नव्हती, पण तीन मुलांच्या घरात त्यात जूनच्या वह्या निघत. अजूनही काही पालक ते पैसे धरून चालतात आणि ऑगस्टमध्ये शाळेत विचारायला येतात. जमेच्या बाजूला फक्त आलेला पैसा लिहावा, येईल असे वाटणारा नव्हे.

बकरी ईदबद्दल बोलायचे तर कुर्बानी साहिबे-निसाबवर आहे. शेजारच्या दारात बोकड बांधलेला आहे म्हणून ती आपल्यावर येत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरीही उसने काढून बोकड आणला जातो, कारण मुले रडतात आणि नातेवाईक विचारतात. वहीचा इथे एक फायदा होतो. निसाब म्हणजे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची रक्कम. देणी वजा करून आपण त्यात बसतो की नाही, हे अंदाजाने सांगता येत नाही. दागिना, रोख, बँक, भिशीत भरलेले पैसे, दुसऱ्याकडून येणे, आणि समोर किराण्याची बाकी, हप्ता, हातउसने. हा ताळेबंद चांद्र वर्षाची एक तारीख ठरवून दरवर्षी करायचा असतो. तो नीट करायचा तर वही लागतेच. बारकाव्यांसाठी आपल्या इमामसाहेबांना विचारावे. पण जाताना आकडे घेऊन जावे, ते आकडे त्यांनी कुठून आणायचे?

आता थोडा नाजूक मुद्दा. ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1,500 रुपये अनेक घरांत येऊ लागले. वर्षाचे 18,000. हे पैसे कोणत्या रकान्यात लिहायचे? बहुतेक घरांत ते लिहिलेच जात नाहीत, किराण्यात विरघळून जातात. आमचे मत स्पष्ट आहे. शरीयतने बायकोची मिळकत तिची ठेवली आहे, मेहरसारखीच, आणि घर चालवण्याची जबाबदारी पुरुषावर टाकली आहे. तिने खुशीने घरात घातले तर तो तिचा एहसान आहे, आणि एहसान लिहिलेला असावा. "अम्मीकडून 1,500" अशी ओळ वहीत असली की मुलांना कळते घर कोणाच्या पैशाने चालते. उसने दिले असतील तर "उसने" लिहावे आणि कांद्याचा हंगाम आला की परत करावे. यावर घरात वाद होईल. होऊ द्यावा, न लिहिल्याने वाद मिटत नाही, फक्त एकाच्या मनात राहतो.

भिशी चालवणाऱ्या बहिणींसाठी एक सूचना. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी मेचा नंबर मागून घ्यावा, ज्यांच्या घरी रमजानच्या आसपास लग्न आहे त्यांनी त्याच्या आधीचा. चिठ्ठी काढण्यापेक्षा वर्षाची पाने समोर ठेवून नंबर वाटले, तर त्याच पैशात जास्त कामे होतात. रक्कम बोली लावून, तोटा सोसून उचलण्याच्या भिशीपासून मात्र लांबच राहावे.

रोजंदारीवर जगणाऱ्या एका बहिणीने आम्हाला विचारले, आमच्याकडे ठरवण्यासारखे उरतेच काय, आम्ही वहीत काय लिहू? तिला आम्ही सांगितले ते इथे लिहितो. पहिले दोन महिने काही ठरवूच नका, काही कापू नका. रोज इशानंतर दोन ओळी लिहा: आज किती आले, आज किती गेले. काम नसेल त्या दिवशी शून्य लिहा, पण लिहा. लिहिता येत नसेल तर चौथीतल्या मुलीला सांगा, बेरीज-वजाबाकीचा सराव तिलाही हवा आहे. दोन महिन्यांनी शून्ये मोजा. साठ दिवसांत अकरा शून्ये निघाली, तर आपल्याला अकरा दिवसांचे पीठ, तेल आणि डाळ हाताशी हवी, एवढे कळले. ज्या आठवड्यात सहाही दिवस काम लागले, त्या आठवड्यात एका दिवसाचा शिधा रोखीने जास्त घ्या आणि वेगळ्या डब्यात ठेवा. असे अकरा दिवस जमायला तिच्या हिशोबाने पाच महिने लागतील. तिने वही घेतली आहे, शंभर पानी.