वारी म्हणजे पुन्हा येणे

पालखीचे दिवस जवळ आले, की ‘वारी’ या दोन अक्षरांचे नवेनवे अर्थ कानावर पडू लागतात. कोणी सांगतो, वारी म्हणजे वारि, पाणी, भक्तीचा ओघ. कोणी सांगतो, पापाचे निवारण करते ती वारी. कोणी हिंदीतले ‘वारी जाना’ आणून देवावरून जीव ओवाळून टाकणे असा अर्थ लावतो. आमच्या नाशकात तर गोदावरीच्या नावातच वारी असल्याचे ऐकायला मिळते. श्रोते माना डोलावतात. अर्थ गोड आहेत, पण त्या गोडीत वारकऱ्याची मूळ वस्तूच हरवते, म्हणून हा विरोध.

एकेक तपासू. पाण्याचा ‘वारि’ संस्कृतातला, शेवट ऱ्हस्व. मराठीत तो सुटा लिहिताना दीर्घ होतो, म्हणून आपल्या वारीसारखा दिसतो. ‘वारिज’, ‘वारिद’ म्हणताच त्याचा ऱ्हस्व परत येतो. गोदावरीत काना ‘दा’ला आहे, ‘व’ला नाही, तिथे ‘वरी’ आहे, ‘वारी’ नव्हे. निवारणातला ‘वार’ अडवण्याचा. तलवारीचा वार निराळा, नऊवारी लुगड्याचा वार मापाचा. ‘तपशीलवार’, ‘आकडेवारी’, ‘टक्केवारी’ यांतला वार फारसीतून आला. पंजाबीत वार म्हणजे वीरगाथेच्या चालीचे दीर्घ काव्य. ज्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची 61 पदे आहेत, त्यातच अशा 22 वारा आहेत. आवाज एक, घराणी अनेक. आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही.

मग आपली वारी कोणाची? ती संस्कृतातल्या ‘वार’ शब्दाची, ज्याचा अर्थ पाळी, खेप, पुन्हा येणारी वेळ. सोमवार, मंगळवार यांतला वार तोच. ‘वारंवार’ तोच. कानडीत वार म्हणजे आठवडा, तोही याच घरचा. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी, आणि आठवड्याने पुन्हा पहिल्या घरी. ठरल्या दिवशी ठरल्या दारी न चुकता उभे राहणे हा त्या शब्दाचा जीव आहे. दार पांडुरंगाचे झाले, की तीच वारी.

कोणी म्हणेल, कीर्तनात श्लेष चालतो, एवढे काय मनावर घ्यायचे? श्लेष जरूर चालावा. पण तो अलंकार आहे. अलंकारालाच देह समजू लागलो, की घोटाळा होतो. वारी म्हणजे पाणी, निवारण किंवा ओवाळणी असेल, तर ती एकदा करूनही भागते. एकदा न्हालो, एकदा पाप धुतले, एकदा जीव ओवाळला, झाले. वारी म्हणजे पाळी असेल, तर एकदाने भागत नाही. दोन अर्थांतला फरक एवढा मोठा आहे.

आणि तो फरक आज रस्त्यावर दिसतो. वर्तमानपत्रात पुढाऱ्याची ‘दिल्लीवारी’ होते, सहल कंपनी ‘परदेशवारी’ विकते. त्याच चालीवर एक दिवस दिंडीत चालून, टाळ हाती धरून छायाचित्र काढून माणूस म्हणतो, ‘वारी झाली.’ वारकऱ्याची भाषा अशी नाही. तो म्हणतो, ‘आमच्या घरात वारी आहे’, ‘वडिलांची वारी मी चालवतो’, ‘अमक्या साली वारी चुकली.’ जे पुन्हा पुन्हा यायचे असते तेच चुकते. सहल चुकली असे म्हणून कोणी डोळ्यांतून पाणी काढत नाही.

पहिल्यांदा येणारा परका आहे, असे मुळीच नाही. प्रत्येकाची एक पहिली वारी असतेच. पण ‘पहिली’ म्हणताना दुसरी गृहीत धरलेली असते. जो थकला, त्याची वारी मुलगा किंवा सून चालवते. माणूस बदलतो, पाळी मोडत नाही.

म्हणून माउलींनो, शब्द मोठा करण्यासाठी त्याला दुसऱ्याचे कुळ लावू नका. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्या पंढरीच्या; पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीला दिंड्या येतात, आणि ज्येष्ठात तिथूनच नाथांची पालखी पंढरीच्या वाटेला लागते. हे सारे दरसाल पुन्हा घडते, म्हणून वारी आहे. कोणी विचारले, वारी म्हणजे काय, तर पाण्याचा आणि निवारणाचा शोध न करता साधे उत्तर द्यावे: वारी म्हणजे पुन्हा येणे. आणि पुढच्या एकादशीला यावे.

रामकृष्ण हरी.