मनाचें दुखणें खोटें काय?

शिरूर तालुक्यांतील निमोण्यासारख्या गावीं वर्षानुवर्षें कंबर धरून बसलेल्या बाईस घरचीं माणसें म्हणतात, “एक्स-रेमध्यें कांहीं निघालें नाहीं, सारे मनाचे खेळ!” सुशिक्षितांचीं घरें तरी निराळीं कोठें आहेत? याहून निर्दय वाक्य आम्हांस ठाऊक नाहीं.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें १९७९ सालींच वेदनेच्या व्याख्येंत शरीराच्या संवेदनेबरोबर भावनेसही स्थान दिलें. दीर्घ वेदना झोप मोडते, काम हिरावते. त्यांतून खिन्नता येते, आणि खिन्नतेनें वेदना अधिकच बोचते. हें चक्र ‘धीर धरा’ या उपदेशानें तुटत नाहीं. सोसणें हा सद्गुण खरा. पण दुसऱ्यानें सोसावें असा आग्रह धरणें, हा कोणता सद्गुण?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मनाच्या रुग्णास शरीराच्या रुग्णाबरोबरीचा हक्क दिला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. मग आडवें येतें तें काय? ‘लोक वेडी म्हणतील’ ही आमचीच भीति! हाडांच्या वैद्याबरोबर मनाच्या वैद्याकडेही तिला न्यावें. आणि त्याआधीं, दुखतें असें ती म्हणते तें खरें मानावें. उपचाराची वाट तेथूनच सुरू होते.