हात काळे झाले तर काय बिघडतं?

तर झालं असं. मध्यंतरी माझी शेवरले बीट एका चकचकीत वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला दिली होती (नाव सांगत नाही, कोर्टकचेऱ्या कोण करणार!). बिलात एक ओळ होती, 'एअर फिल्टर बदलला'. रविवारी सहज बॉनेट उघडलं आणि फिल्टरचं झाकण काढून पाहिलं. आत दोन वाळकी पानं, चाकण रस्त्याची अख्खी धूळ, आणि जुनाच फिल्टर! फोन केला तर म्हणे, "सर, राहून गेलं असेल, गाडी घेऊन या."

गेलो नाही. दुकानातून फिल्टर आणला आणि दहा मिनिटांत बसवला. मग मात्र राग आला, वर्कशॉपपेक्षा स्वतःचाच जास्त. बारा वर्षं गाडी चालवतोय आणि ते झाकण एकदाही उघडलं नव्हतं. दुसऱ्याने लिहिलेला कोड न वाचता लाइव्ह करणाऱ्या ज्युनियरला मी फाडून खातो, आणि इथे बिलाखाली डोळे मिटून सही!

गंमत बघा, ही गाडी आमच्या तळेगावचीच लेक. जनरल मोटर्सचा इथला कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. 2017 संपता संपता कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, डिसेंबर 2020 मध्ये इथलं उत्पादनही थांबलं. जानेवारी 2024 मध्ये कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात गेला आणि 2025 मध्ये तिथे पुन्हा गाड्या बनू लागल्या. कंपन्या येतात, जातात. गाडी मात्र आपल्या पार्किंगमध्येच असते. तिची काळजी कोणी घ्यायची?

तळेगाव, चाकण, भोसरी... या पट्ट्यात दर दुसऱ्या घरात कोणी ना कोणी गाडीचा एखादा तरी भाग बनवतं. आणि त्याच पट्ट्यातल्या आमच्या सोसायट्यांत कोणी बॉनेट उघडलं की बाल्कनीतून चेहरे डोकावतात. "काय साहेब, मेकॅनिक मिळाला नाही का?" काका काळजीने विचारतात हो, पण खरा प्रश्न वेगळाच असतो. शिकल्यासवरल्या माणसाने हात काळे करायचे नसतात, हे आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. गाडी घेणं प्रतिष्ठेचं, ती पुसायला माणूस ठेवणं प्रतिष्ठेचं, आणि तिचं ऑईल तपासणं हलकं काम! याच गावात 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणीतून. मुलांनी हाताचं कौशल्य शिकावं म्हणूनच ना? त्या गावात ही लाज शोभत नाही.

आता नेहमीचे आक्षेप.

'वेळ कुठे आहे?' हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज तीन तास घालवणाऱ्यांनी तरी हे विचारू नये. डिपस्टिक पुसून ऑईलची पातळी बघायला दोन मिनिटं लागतात. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासायची, आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर लिहिलेला असतो. वायपरची रबरं, केबिन फिल्टर, बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर (आधी निगेटिव्ह सोडवायची!), वॉशरचं पाणी... एवढ्याला इंजिनियरिंगची डिग्री लागत नाही. मॅन्युअल लागतं. ते ग्लोव्ह बॉक्समध्ये आरटीओच्या कागदांखाली पडलेलं असतं, बघा.

'गरीब मेकॅनिकच्या पोटावर पाय येईल.' उलट आहे. क्लच, सस्पेन्शन, ब्रेक यासाठी मी अजूनही स्टेशनजवळच्या मिस्त्रीकडेच जातो. फरक इतकाच की आता आम्ही बोलतो. तो जुना भाग हातात देऊन दाखवतो, मला ते कळतं, आणि त्याच्या कसबाचे पैसे घासाघीस न करता देतो. पोटावर पाय येतो तो न बदललेल्या फिल्टरच्या बिलावर.

'काही बिघडलं तर?' हा आक्षेप खरा आहे, म्हणून सीमारेषा आखून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, कधीही नाही. गरम इंजिनवर कूलंटचं झाकण उघडायचं नाही. ब्रेक आणि एअरबॅगला हात लावायचा नाही. गाडी वॉरंटीत असेल तर आधी अटी वाचा. आणि ऑईल स्वतः बदललंत तर जुनं गटारात ओतू नका. ते इंद्रायणीत जाईल. डब्यात भरून जुनं ऑईल रीतसर पुढे देणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

पैसे वाचतात का? थोडेफार. खरा फायदा वेगळा आहे. मागच्या रविवारी आठ वर्षांची लेक शेजारी उभी राहून टॉर्च धरत होती. तिने विचारलं, "बाबा, हे तुम्ही ऑफिसमध्ये शिकलात?" म्हटलं, "नाही गं, ऑफिसमुळे विसरलो होतो." :-)

असो. आज रविवारच आहे. खाली जा, बॉनेट उघडा आणि डिपस्टिक शोधा. नाही सापडली तर वॉचमनला विचारा. त्याला नक्की माहीत असेल.