एका स्टारची सोय

शेअर्ड ड्राइव्हवरचा प्रोजेक्ट उघडला की गिट अडून बसतं. ‘डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप’. फोल्डर तुमचंच आहे का, याचा त्याला संशय आहे. गुरुग्रामच्या सायबर सिटीत काय किंवा उद्योग विहारात काय, शेजारच्या खुर्चीवरून ठरलेलं उत्तर येतं: ‘सेफ डिरेक्टरी में स्टार डाल दे, चल जाएगा.’ विश्वासू फोल्डरांच्या त्या यादीत स्टार पडतो. एरर जाते. एरर गेली म्हणजे दुरुस्ती झाली, अशी समजूत आहे.

गिट चालू फोल्डरपासून एकेक पायरी वर चढत डॉट-गिट शोधतं आणि सापडेल तिथलं कॉन्फिग मानतं. त्या कॉन्फिगमध्ये चालवायचा प्रोग्रॅमही लिहिता येतो. म्हणजे अनेकजण वापरतात अशा मशीनवर एखाद्याने ड्राइव्हच्या मुळाशी स्वतःचं डॉट-गिट ठेवलं, तर त्याचा प्रोग्रॅम तुमच्या लॉगिनखाली, तुमच्या अधिकाराने चालणार. १२ एप्रिल २०२२ रोजी आलेल्या २.३५.२ आवृत्तीने हे भोक बुजवलं. मालक जुळला नाही तर थांबायचं, इतकंच. दोनच दिवसांनी २.३५.३ आली आणि तिने तपासणी पूर्ण बंद करायची मुभाही दिली. ती मुभा म्हणजे हा स्टार. तो एका शेअरपुरता नाही, मशीनवरच्या प्रत्येक फोल्डरला लागू होतो.

नेटवर्कवर ही एरर सारखी येते, कारण तिथे मालक कोण हे सर्व्हर सांगतो. साध्या एनएफएसवर मालक म्हणजे निव्वळ एक आकडा. सर्व्हरवरचा १००१ आणि लॅपटॉपवरचा १००१ ही दोन वेगळी माणसं असू शकतात. रूट स्क्वॅश चालू असेल तर रूटने केलेली फाइल ‘नोबडी’च्या नावावर पडते. विंडोजच्या शेअरवर बरेचदा माणसाऐवजी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सचा गटच मालक निघतो. तेव्हा गिटचा संशय खोटा नसतो. मालकी खरोखरच जुळत नाही. ती जुळवायची तर माउंटवर, आयडींच्या मॅपिंगमध्ये. त्यासाठी इन्फ्रावाल्यांकडे तिकीट टाकावं लागतं, आणि इथेच उत्साह संपतो.

बरं, तेवढंही नको असेल तर फोल्डर सेफ डिरेक्टरीत घालायची अख्खी कमांड गिट स्वतःच एररखाली छापून देतं, त्याच एका फोल्डरच्या पाथसकट. शेअरचा पाथ लांबलचक असतो, विंडोजवर तर टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारा विचित्र. पण तो टाइप करायला कोणी सांगितलेलं नाही, उचलून चिकटवायचा आहे. जेवणाचं पार्सल आणणाऱ्या पोऱ्यालाही फ्लॅट नंबर सांगितल्याशिवाय गेटच्या आत न घेणाऱ्या या शहरात, मशीनवरच्या पहारेकऱ्याला मात्र ‘येईल त्याला सोड’ असं सांगून मंडळी मोकळी होतात.

शेअरवर ढीगभर रेपो आहेत, एकेक कोण लिहीत बसणार, ही सबब काही काळ ऐकून घेण्यासारखी होती. जुलै २०२४ च्या २.४६ पासून पाथच्या शेवटी तिरकी रेघ देऊन स्टार लावता येतो. त्या फोल्डरखालचं सगळं चालतं, बाकी मशीनवर तपासणी कायम राहते. स्टारच हवा असेल तर तो तिथे लावा. आणि नव्या लॅपटॉपच्या सेटअप स्क्रिप्टमध्ये मोकळा स्टार आधीच बसलेला असेल, तर तो कोणी घातला हे गिट ब्लेम सांगेल.