पोर्टल बांधावर तपासा, मग आम्हाला अडाणी म्हणा

मंडळी, आज भाताबद्दल नाही, मोबाईलबद्दल लिहितो. कुठल्याही शिबिराला जा, एक वाक्य ठरलेलं असतं. "शेतकऱ्याला ऑनलाइन जमत नाही, त्याला प्रशिक्षण दिलं पाहिजे." मला हे मान्य नाही. हाच शेतकरी खताचे पैसे फोनवरून देतो, रोह्याची गाडी कुठवर आली ते फोनवर बघतो. ते त्याला कोणी शिबिर घेऊन शिकवलं? मग पीक पाहणी, अनुदान नि विम्याच्या पोर्टलवर गेला की तोच माणूस अडाणी कसा होतो?

माझं म्हणणं सरळ आहे. लोकांना सहज वापरता येईल अशी बनवायला सगळ्यात अवघड वेबसाइट कुठली, तर सरकारी योजनेची. त्यापुढे बँकेची आणि दुकानाची सोपी. आणि आपल्याकडे नेमकं हेच काम सोपं समजून उरकतात. अवघड का, ते सांगतो.

१) आपण तिथं वर्षातून एक-दोनदाच जातो. पैसे पाठवणं रोजचं, बोटांना सवय होते. पीक पाहणी हंगामाला एकदा. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली, जरा हात बसतोय तोवर डिजिटल क्रॉप सर्व्हेचं नवीन ॲप आलं. दरवेळी पाटी कोरी.

२) मागचा कागद गुंतागुंतीचा. दुकानाला फक्त घरचा पत्ता लागतो. इथं जमीन लागते. आमच्या जिते-पेण भागात गुंठ्यागुंठ्याचे तुकडे आणि एका सातबारावर दहा-पंधरा नावं. त्यात आजोबा वारलेले, आत्या सासरी, चुलतभाऊ मुंबईला. राबतो एकटा. पोर्टल विचारतं, "खातेदार निवडा." निवडू कोणाला? त्यात आधारवर नाव एक आणि सातबारावर वेलांटीचा फरक. तलाठी भाऊसाहेब माणूस ओळखायचे, मशीनला ती वेलांटीसुद्धा दुसरा माणूस वाटते.

३) जागा आणि वेळ. पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच काढायचा. भाताच्या हंगामात म्हणजे भर पावसात, पोटरीभर चिखल, ओला हात, ओला स्क्रीन, डोंगराच्या आडोशाला रेंज नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या नियमात कापून सुकत घातलेलं पीक अवकाळीनं भिजलं तर ७२ तासांत कळवायचं. ज्या वादळानं भात भिजवलं, त्यानंच लाईट घालवली, टॉवर बंद पाडला. हे ७२ तास एसीत बसलेल्याचे आहेत की आमचे?

४) दुसरं दुकान नाही. खासगी कंपनीचं ॲप अडलं तर गिऱ्हाईक पळतं, म्हणून कंपनी रात्रीत दुरुस्त करते. इथून आम्ही पळणार कुठं? पोर्टल अडलं की सेतूच्या रांगेत उभे राहतो, रोज बुडवतो, वर पैसे देतो. हा खर्च पोर्टलच्या खर्चात कोणी धरत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये २०१५ साली शेतकऱ्यांच्या अनुदानासाठी नवीन ऑनलाइन यंत्रणा आणली. त्यात जमिनीचे नकाशे भरायचा भागच चालेना. मार्चमध्ये तिथल्या सरकारनं कागदी अर्ज परत घेतले आणि १५ मेची मुदत १५ जूनपर्यंत वाढवली. "इंग्लंडचा शेतकरी अडाणी" असं म्हणून विषय मिटवला नाही.

कोणी म्हणेल, हा ऑनलाइनच्या विरोधात आहे. अजिबात नाही. सातबारा फोनवर मिळतो, पेणच्या खेपा वाचल्या. पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये तीन हप्त्यांत सरळ खात्यात येतात, मधे कोणी हात मारत नाही. हे चांगलंच आहे. म्हणून तर म्हणतो, नीट करा.

मागण्या चारच आहेत:

– ॲप चालू करण्याआधी जुलैच्या पावसात दहा शेतकऱ्यांच्या हातात बांधावर द्या. त्यात साठीची बाई पाहिजे आणि जुना फोन पाहिजे. साहेबांनी बाजूला उभं राहून फक्त बघायचं, "इथं दाबा" म्हणायचं नाही.
– अर्ज अर्ध्यावर बंद पडला तर भरलेलं जाऊ नये. आणि "त्रुटी आढळली" एवढंच नको. काय चुकलं आणि कुठल्या ऑफिसात जायचं, ते साध्या मराठीत सांगा.
– साइट जेवढे दिवस बंद, तेवढी मुदत आपोआप वाढली पाहिजे. त्यासाठी निवेदन द्यायची पाळी येऊ नये.
– नाव जुळत नाही तोवर कागदी अर्ज घ्या आणि पोच द्या.

कृषी सहायक आणि कृषी विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात, त्यांनाही सांगणं आहे. शिबिरात आम्हाला शिकवताय, चांगलं आहे. पण आम्ही कुठल्या पानावर अडलो ते लिहून वरतीही पाठवा.

आणि शेतकरी मित्रांनो, अडलात की स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, तारीख, वेळ आणि गट नंबर वहीत लिहा. पुढच्या ग्रामसभेत सगळ्यांचं एकत्र करून लेखी देऊ. तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही.