प्रत्येक रक्तस्राव मूळव्याध नव्हे

गुदमार्गाने रक्त पडू लागले की रुग्ण 'मूळव्याध' हे निदान स्वतःच घेऊन येतो आणि पुष्कळदा आपणही तोच शब्द केसपेपरवर उतरवितो. भंडारा जिल्ह्यातील व्यवसायबंधूंच्या, आणि अर्थातच आमच्याही, या सवयीविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी धानकापणीच्या दिवसांत एक वयस्क शेतकरी आमच्याकडे आले. वेदना नाही, रक्त मात्र पुष्कळ. बोलबद्ध रस व कुटजघन देऊन आम्ही त्यांना घरी पाठविले. त्याच रात्री ते मूर्च्छित झाले. नागपूरला दुर्बिणीने तपासले असता मोठ्या आतड्याच्या भित्तीतून बाहेर आलेल्या लहान पिशवीतून, म्हणजे डायव्हर्टिक्युलममधून, स्राव होत असल्याचे आढळले. हृदयविकारासाठी ते रोज अ‍ॅस्पिरिन घेत होते. आम्ही विचारलेच नव्हते. गुदपरीक्षणही केले नव्हते. ते वाचले, त्यात आमचे श्रेय काही नाही.

रक्तपित्तात आरंभी स्तंभन करू नये, हे चरकाचार्यांचे मत आपणा सर्वांस पाठ असते. परंतु ते बल व मांस क्षीण न झालेल्या, अन्न घेणाऱ्या रुग्णाविषयी आहे. उष्णकाळी पित्तप्रधान व वातकफाचा अनुबंध नसलेले रक्त निश्चयाने थांबवावे, असे त्याच संहितेच्या अर्शचिकित्सेत सांगितले आहे. तेवढे मात्र आपण विसरतो. अधोग रक्तपित्तात वमन सांगितले आहे म्हणून वाहत्या रक्तस्रावात ते योजणे तर अविचारच होय.

नाडीची गती वरच्या रक्तदाबाच्या आकड्याहून अधिक झाली, उभे राहताच भोवळ आली, थंड घाम सुटला, तर शिरेतून सलाईन सुरू करून रुग्णास तत्काळ जिल्हा रुग्णालयात वा नागपूरला पाठवावे. पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन प्राकृत दिसू शकते. त्यावर विसंबू नये. लाल रक्तही क्वचित जठरातून येते. काळा, डांबरासारखा मल हा वरच्या मार्गातील स्राव सुचवितो. मंडूर वा लोहकल्पानेही मल काळा होतो, हे आपल्याच औषधांविषयी ध्यानात असावे.

औषधी विक्रेत्यांना एक विनंती. रोवणीच्या दिवसांत अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चिठ्ठीविना जातात. त्यांनी जठर व आतडे दोहोंत व्रण होऊन रक्त येऊ शकते. मूळव्याधीचे औषध मागणाऱ्यास निदान वय, रक्ताचे प्रमाण आणि चालू गोळ्या तरी विचाराव्यात.

मोचरस, नागकेशर, पिच्छाबस्ती यांचे स्थान निदान निश्चित होऊन रुग्ण स्थिर झाल्यानंतरचे. हृदयरोग्याचे अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नये. त्याची नोंद चिठ्ठीवर लिहून ती रुग्णासोबत द्यावी.